परीक्षेला बसलेली दाढ

"आई, तोंडात काय धरलंय?"

"कुठं काय? काही नाही."

"मग डावा गाल का फुगलाय?"

वृषालीनं कणीक तशीच ठेवली आणि हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता सुनेसमोर आ करून दाखवायला मी काय लहान पोर आहे का? मी तोंड घट्ट मिटून घेतलं. पण ती पडली दातांची डॉक्टर. तिनं माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि अंगठा गालावर असा कुठंतरी दाबला की तोंड आपसूक उघडलं. आतनं लवंग निघाली.

"किती दिवस चाललंय हे?"

"तासगावात असल्यापासनं. गार पाणी लागलं की जरा ठणकतं. तुला कशाला सांगायचं? तू बघणार आणि लगेच सुई टोचणार."

खरं तेच होतं. दोन बाळंतपणं केली, तापल्या तव्यावर हात भाजून घेतला, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण सुई दिसली की मी दवाखान्याच्या दारातनंच परत फिरते. ओहायोला लेकाकडं सहा महिन्यांसाठी आले, ती निघतानाच पिशवीत पावशेर लवंगा बांधून घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी वृषाली मला तिच्या कॉलेजात घेऊन गेली आणि दाढेचा फोटो काढला. पडद्यावर फोटो आला तशी ती पुढं झुकली. फोटो मोठा करून करून बघायला लागली. मला वाटलं, झालं, काहीतरी भलतंच निघालं. तेवढ्यात तिनं वळून मला घट्ट मिठी मारली.

"आई! अहो, काय सुंदर कीड आहे तुमची!"

एकसष्ट वर्षांत माझ्या कशालाच कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. आमच्या ह्यांनी तर नाहीच नाही. आणि म्हटलं ते कशाला, तर किडक्या दाढेला!

ती का एवढी हरखली ते गाडीत कळलं. वृषाली सांगलीत तीन वर्षं दवाखाना चालवत होती. हेमंतशी लग्न होऊन इकडं आली आणि तिचे हात बांधले गेले. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, त्यामुळं आधी काम करायचीच परवानगी नाही. पुढं कामाचं कार्ड मिळालं, तर आपल्याकडची डिग्री इथं चालत नाही. जिनं सांगलीत शेकडो दाढा काढल्या, ती इथं दुसऱ्या डॉक्टरच्या शेजारी थुंकी ओढायची नळी धरून उभी राहिली. मग पुन्हा कॉलेजात जाऊन दोन वर्षं पहिल्यापासनं शिकली. आता एकच राहिलं होतं, लायसनची हातानं करून दाखवायची परीक्षा.

त्या परीक्षेची रीत तेव्हा अशी होती की पेशंट आपला आपण न्यायचा. जिवंत माणूस पाहिजे, आणि कीडही त्यांनी सांगितली तशीच पाहिजे. दोन दाढांच्या मधोमध, शेजारची दाढ धड, फोटोत दिसेल एवढी खोल आणि नसेला लागणार नाही एवढी वर. तसली कीड शोधत वृषाली वर्षभर हिंडत होती. हेमंत सांगायचा, मंडळाच्या गणपतीत सगळे देवाकडं बघून आरती म्हणायचे आणि ही आरती म्हणणाऱ्यांच्या तोंडात बघत उभी असायची.

त्याआधी एकदा तिला माणूस मिळाला होता. रामोन नावाचा, मेक्सिकोकडचा, घरांवर छपरं घालायचं काम करणारा. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याच्या मुकादमानं सुट्टीच दिली नाही आणि तो आला नाही. ही बिचारी पांढरा कोट घालून मोकळ्या खुर्चीशेजारी उभी राहिली. पेशंट नाही म्हणजे नापास.

"आता दुसऱ्यांदा नापास झाले तर पुन्हा काही महिने शिकवणी, मगच परीक्षेला बसू देणार," वृषाली म्हणाली. "तोवर माझं कामाचं कार्ड संपेल. ते पुन्हा मिळेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. एका दवाखान्यानं माझी जागा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवलीय. त्यापुढं ते तरी कशाला थांबतील?"

"म्हणजे सगळं माझ्या दाढेवर आलं म्हण की."

"हो आई. पण तुमची इच्छा असेल तरच. सुई आहे त्यात."

मी खिडकीबाहेर बघितलं. जिकडंतिकडं बर्फ पडलेला. म्हटलं, "एकच सुई?"

"एकच. नक्की."

परीक्षेला सहा आठवडे होते. तोवर दाढ भरायची नाही आणि वाढूही द्यायची नाही. माझ्या दाढेला घरात असा मान मिळाला म्हणता! चिक्की बंद, गुळाचा खडा बंद, लवंगा तर जप्तच झाल्या. कामावरनं आला की हेमंत दारातनंच विचारायचा, "दाढ काय म्हणते?" आई कशी आहे, हे विचारायचंच विसरला लेकाचा.

त्याच दिवसांत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आम्ही कासार. तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि ह्यांच्या माघारी मीच ते चालवते. ह्यांच्यामागं मी हातातल्या बांगड्या काही उतरवल्या नाहीत. भावकीत कुजबुज झाली. मी म्हटलं, बांगड्या विकणारीचाच हात मोकळा दिसला तर गिऱ्हाईक दुकानात पाऊल ठेवील का? तर येताना मी बॅगेत कपड्यांच्या घड्यांत घालून दहा डझन बांगड्या आणल्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकीमागं एक माझ्यापुढं हात करून बसल्या. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी हातात धरून बांगड्या भरत होतं. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

वृषाली माझ्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, तुम्ही हाताकडं बघतच नाही."

"हात कशाला बघायचा? तो माझ्या हातातच असतो. तोंड बघायचं. बाई कधी दुखतंय म्हणत नाही गं. भरून घेताना बडबडत असते, सासूचं सांगते, जावेचं सांगते. बोलता बोलता गप्प झाली की समजायचं, सांध्यावर कळ आली. तिथं थांबायचं."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर बांगडी तरी वाढते, नाहीतर हात तरी सुजतो. आणि ती बाई पुन्हा आपल्या दुकानात येत नाही."

त्यानंतर वृषाली बांगड्या सोडून बायकांच्या तोंडाकडंच बघत बसली.

परीक्षेच्या दिवशी मी पहाटे उठून डोक्यावरनं अंघोळ केली. इरकल नेसले, पायात हेमंतचे मोजे आणि बूट घातले. दवाखान्याचं काम, म्हणून हातातल्या बांगड्या उतरवायला लागले, तर वृषाली धावतच आली.

"बांगड्या राहू द्यात, आई."

"अगं, मोठी माणसं तपासायला येणार. खळखळ बरी दिसते का?"

"राहू द्यात. तेवढं ऐका माझं."

मला वाटलं, शकुनाचं काहीतरी असेल. पोर घाबरलीय, राहू दे तिच्या मनासारखं. डाव्या हातात आठ, उजव्या हातात आठ, हिरव्या काचेच्या, तशाच ठेवून निघाले.

केवढा मोठा हॉल होता तो! खुर्च्यांच्या रांगाच रांगा. सगळ्या परीक्षार्थींना सारखे कोट, आणि कुणाच्याच छातीवर नाव नाही, नुसता नंबर. तपासणारे पलीकडच्या बंद खोलीत. कुठली दाढ कुणी भरली हे त्यांना कळू नये म्हणून पेशंटनं एकट्यानं तिकडं जायचं, नंबर लिहिलेला एक कागद छातीशी धरून. हेमंतला बाहेरच थांबवलं. मला इंग्रजी येतं ते असं तसंच. वृषालीनं घरी शिकवून ठेवलं होतं, दुखलं तर 'पेन' म्हणायचं, नसलं तर 'नो पेन'. मी मनाशी पक्कं केलं होतं, पहिला शब्द तोंडातनं काढायचाच नाही.

आधी कीड दाखवायला गेले. तिघांनी आळीपाळीनं आरसा घालून बघितलं आणि कागदावर शिक्का मारला. परत आले तर वृषालीच्या कपाळावर घाम. मी म्हटलं, "झाली पास, माझी कीड!" ती हसली. मग सुई आली. मी डोळे मिटून कुलस्वामिनीचं नाव घेतलं. सुई खरंच फार लागली नाही. पोरीचा हात हलका.

मग माझ्या तोंडावर एक रबराचं फडकं ताणून बसवलं. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर पायापर्यंत चादर. बाहेर राहिली ती एक दाढ आणि दोन मनगटं. मशिन सुरू झालं. काही कळत नव्हतं, नुसती घरघर. बरं चाललं होतं.

अर्ध्या तासानं ती थांबली. फडकं काढून कानाशी येऊन म्हणाली, "आई, कीड जरा आत गेलीय. ती काढायला त्यांची परवानगी लागते. पुन्हा जाऊन यावं लागेल."

गेले. ह्या वेळी खोलीबाहेर बारा-तेरा माणसं, सगळ्यांच्या छातीवर कागद. समोर भिंतीवर घड्याळ. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. माझा ओठ जड होता तो हळूहळू हलका व्हायला लागला. पस्तीस झाली. माझा नंबर आला तोवर ओठाला हात लावला तर चांगलं कळत होतं. तपासणाऱ्या बाईनं हसून विचारलं, "एनी पेन?"

"नो पेन," मी म्हटलं.

परत आले तेव्हा चार वाजले होते. पाचला घंटा. तेवढ्या वेळात उरलेली कीड काढायची, पुन्हा तिकडं दाखवून यायचं आणि दाढ भरायची. वृषालीनं घड्याळाकडं बघितलं, मीही बघितलं.

"बधिर आहे ना अजून?"

"आहे की," मी म्हटलं. खोटं बोलले. दुसरी सुई म्हणजे पुन्हा दहा मिनिटं गेली, एवढं मलाही कळत होतं. आणि खरं सांगायचं तर सुईपेक्षा मला ती पोर घरी बसेल ह्याचीच जास्त भीती वाटत होती.

फडकं बसलं, मशिन लागलं आणि थेट मस्तकात कळ गेली. माझा हात थरथरला. बांगड्या वाजल्या.

मशिन थांबलं. "दुखतंय?"

मी मानेनं नाही म्हटलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांगड्या काढू देत नव्हती ती ह्यासाठी होय! माझं तोंड फडक्याखाली, डोळे चष्म्याखाली. आता ही माझ्या बांगड्यांवर कान ठेवून बसलीय. अगं भवाने, म्हटलं, मी कासारीण आहे. बांगड्या मला शिकवतेस?

चादरीखाली हात घेतले. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या, पार कोपराजवळ जिथं त्या रुततात तिथंपर्यंत. दोन्ही हातांच्या. आता हात कितीही हलला तरी एक वाजली असती तर शपथ. आ तसाच धरून ठेवला आणि मनात म्हटलं, चालव आता तुझं मशिन.

तिनं चालवलं. पुन्हा कळ आली. माझे पाय बुटातल्या बुटात वळले. बांगड्या गप्प.

आणि मशिन बंद झालं.

फडकं निघालं. चष्मा निघाला. वृषालीचा चेहरा माझ्या तोंडाशी आला.

"आई, बांगड्या का वाजत नाहीत?"

"वाजायला काय झालंय? मी निवांत पडलेय."

"सकाळपासनं तुम्ही श्वास घेतला तरी वाजत होत्या. आता एकदम गप्प झाल्या."

"वृषाली, वेळ घालवू नको. चार वाजून गेलेत. मला काही होत नाही, तू चालव. पाया पडते तुझ्या, चालव."

"नाही."

"अगं तुझं कार्ड—"

"आई, नाही म्हटलं ना."

तिनं हात वर केला. तिथं फिरणारा एक तपासनीस आला. पेशंटला दुखतंय, मी काम थांबवून पुन्हा इंजेक्शन देते, असं तिनं सांगितलं. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, काहीतरी लिहून घेतलं आणि मान डोलावली. मी त्या माणसाकडं बघून मोठ्यानं "नो पेन, नो पेन" म्हणत होते. कोण ऐकतंय?

दुसरी सुई बसली. मग दाढ बधिर होईपर्यंत ती माझ्याजवळ नुसती बसून राहिली. आजूबाजूला सगळ्यांची मशिनं घरघरत होती, आणि आमच्या खुर्चीवर शांतता. ते गेलेलं प्रत्येक मिनिट मला त्या सुईहून जास्त टोचलं. वृषालीनं चादर बाजूला केली. माझ्या कोपरापाशी रुतलेल्या बांगड्या एकेक करून मोकळ्या केल्या आणि मनगटावर आणून सोडल्या.

"वाजू द्यात," ती म्हणाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतो तो तिचा हात. कुठं घाई नाही, कुठं धक्का नाही. मला तिकडं दाखवायला पाठवलं, तेव्हा मी त्या बुटांत अक्षरशः पळत गेले, इरकलीचा काठ हातात धरून. ह्या वेळी रांग लहान होती, माझं नशीब. परत येऊन खुर्चीत पडले आणि तिनं भरायला घेतलं. बांगड्या साऱ्या वेळ किणकिणत होत्या. तिनं शेवटचा कागद दिला तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती.

गाडीत बसल्यावर मी तिला अशी झापली! अर्ध्या तोंडानं झापली, कारण अर्धं तोंड अजून बधिर होतं. "अक्कल आहे का तुला? सहा आठवडे मी चिक्कीचा तुकडा तोंडात घातला नाही, तो काय ह्यासाठी? दहा मिनिटं कळ सोसली असती तर मेले असते का मी? आता नापास झालीस तर मला तोंड दाखवू नकोस."

हेमंत बिचारा खालमानेनं गाडी चालवत होता. वृषाली मागच्या सीटवर माझ्याजवळ बसली होती. माझं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, माझ्या लग्नात चुडा तुम्हीच भरला होता, आठवतं?"

"मग? घरची कासारीण असताना दुसरीला कोण बोलावणार?"

"सव्वादोनच्या बांगड्या आणल्या होत्या. माझा हात मोठा निघाला. मुहूर्त जवळ आलेला, भटजी ओरडत होते, तुमच्या जाऊबाई म्हणत होत्या, दाब जरा, जाईल. मी काहीच म्हटलं नाही. आणि तुम्ही चार बांगड्या भरून थांबलात. भरलेल्या चारही काढल्यात, अडीचच्या आणायला दुकानात माणूस पाठवलात, आणि सगळा मांडव अर्धा तास बसवून ठेवलात."

"मला अजून आठवतात त्यांच्या शिव्या."

"माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. दुखतंय का, असं मला कुणी विचारायची सवयच नव्हती. त्या दिवशी मी बोलले नाही तरी तुम्हाला कळलं." ती माझा हात हातात घेऊन बसली. "तुम्हाला दुखवून मिळालेलं लायसन मी भिंतीवर कसं लावलं असतं?"

 रडू आलं, आणि बधिर बाजूनं ते कुठं ओघळतंय हेही कळेना. हेमंतनं पुढनं कागदी रुमाल दिला.

बारा दिवसांनी निकाल लागला. वृषालीनं कॉम्प्युटर उघडला आणि स्वतः न बघता माझ्याकडं वळवला. मला त्यातलं काय कळतंय? पण 'पास' हा शब्द मला इंग्रजीतनंही वाचता येतो. मी तिच्या तोंडात अख्खी चिक्की कोंबली.

लायसनचा कागद यायला आणखी दोन महिने गेले, तोवर मी तासगावला परत आले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली, पण तो फोन आला ती सकाळ जशीच्या तशी माझ्या डोळ्यांपुढं आहे. दुकानात एका नवरीचा हात माझ्या हातात होता.

"आई, आज पहिला दिवस झाला दवाखान्यात," वृषालीचा आवाज नुसता उड्या मारत होता. "पहिला पेशंट कोण आला असेल, ओळखा."

"कोण?"

"रामोन."

"तोंड वर करून आला होय?"

"टोपी हातात धरून आला. म्हणाला, त्या दिवशी आलो असतो तर काम गेलं असतं. आमची दोघांची सारखीच गत, आई, काय बोलणार त्याला? तीच दाढ, आता कीड खूप खाली गेलेली. दीड तास लागला."

"दुखवलं नाहीस ना गं?"

"तो पण तुमच्यासारखाच. काहीही विचारा, नो पेन. शेवटी त्याच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढायला लावला, त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, बाबा, हे वाजवत बस."

"मग?"

"दोनदा गप्प झाला," ती म्हणाली. "दोनदा थांबले."